पांदण, झुडपी आणि आम्ही सात जण



आज पऱ्हाटीचं, तुरीवरच्या अळीचं, हरभऱ्याच्या मरीचं काही नाही. ते पुढच्या खेपेला. आज सायकलीचं लिहितो. पण वावराचा संबंध नाही असं समजू नका, शेवटी गाडी वावराच्या रस्त्यावरच येते.

आम्ही सात जण आहोत. सगळे सक्करदऱ्याचे, नाही तर आजूबाजूच्या वस्तीतले. सगळ्यात लहान मी, वय ५६. सगळ्यात मोठे बापूजी, ७१ चे. ते एम्प्रेस मिलमध्ये पाळीवर जायचे, तेव्हापासून त्यांच्याकडे काळी सायकल आहे. मिल गेली, भोंगा गेला, सायकल आहे. मधल्यांत एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका, शाळेतले पीटीचे सर, पोस्टातले एक दादा, फर्निचरवाला भाऊ, आणि सिस्टर ताई. सिस्टर ताई दवाखान्यातून रिटायर झाल्या आणि सायकल शिकल्या ५२ व्या वर्षी. आज आमच्यात उतारावर सगळ्यात निडर त्याच आहेत.

दर रविवारी पहाटे सक्करदरा तलावाजवळ जमतो. ताजबाग, दिघोरी, मग उमरेड रोड. दिघोरीपर्यंत कोणी बोलत नाही, कारण ट्रक. विहीरगाव मागे पडलं की जीव मोकळा होतो, आणि गावाच्या अलीकडे डांबर सोडून पांदणीत शिरलो की सगळ्यांची तोंडं सुटतात. पांदण म्हणजे बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, दोन्ही बाजूंनी वावरं आणि मधून बैलबंडीचा जुना रस्ता. आमची पांदण पावणेदोन किलोमीटर आहे. माझ्या वावराच्या धुऱ्याला लागून जाते, नाला ओलांडते, पुढे झुडपी जंगलात शिरते आणि मामा तलावाच्या पाळीवर निघते. तिथे बसून फोडणीचे पोहे खायचे आणि ऊन तापायच्या आत परत.

लोक म्हणतात, डांबराचा एवढा चांगला रस्ता असताना खड्ड्यांतून कायले जाता? याचं उत्तर सोपं आहे. डांबरावर माणूस एकामागे एक जातो. पांदणीत थांबतो, उतरतो, ढकलतो, एकमेकाला हात देतो. डांबरावर पोरं आम्हाला मागे टाकून जातात. झुडपीत वेगाचं काही खरं नाही, तिथे नजर लागते आणि नजर आमच्याकडे आहे. कुठे मुरूम आहे, कुठे पोयटा, कुठलं गवत ओलं, हे ४० वर्षं वावरात चालणाऱ्याला सायकलवर बसल्या बसल्या समजते.

मातीचं थोडं सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. काळ्या मातीत पावसानंतर दोन दिवस सायकल घालूच नये. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बापूजींनी तर आपल्या सायकलीचे मडगार्डच काढून ठेवले. मुरमाड बरडावर पाऊस पडला तरी तासाभरात चालता येते. पण उतारावर सुटा मुरूम म्हणजे ज्वारीच्या दाण्यावर पाय ठेवल्यासारखं आहे. दिवाळीनंतर कुसळं आणि गोखरू. गोखरूचा काटा तीन तोंडांचा, कसाही पडला तरी एक तोंड वर. म्हणून प्रत्येकाजवळ एक जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप असतोच. जाड टायर असलेल्यांनी हवा कमी ठेवावी. डांबरावर ५०-६० ठेवता तर इथे ३०-३५ पुरे. टायर थोडं दबलं की जमीन धरते. काळ्या सायकलीला हे चालत नाही, तिचं टायर बारीक, हवा कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते.

जंगलातल्या सायकलीची सुरुवात काही महागड्या गाड्यांनी झाली नाही बरं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली पोरं १९७० नंतर भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरायची. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पायडल मागे मारून लावायचा ब्रेक होता. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली पोहोचलं की दरवेळी नवीन भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. बापूजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग आपली ॲटलास काय वाईट होती?" वाईट नव्हती. पण ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, आणि तोच दिवस जागतिक सायकल दिवस म्हणून पाळतात. असो.

आणि म्हाताऱ्यांचं म्हणाल तर इंग्लंडात १९५५ साली लेओमिन्स्टर गावात काही सायकलवाल्यांनी मिळून एक मंडळ काढलं, रफ स्टफ फेलोशिप. उद्देश एकच, डांबर सोडून कच्च्या वाटांनी जायचं. ते अजून चालू आहे. त्यांचे जुने फोटो मी पाहिले. टाय लावलेले लोक खांद्यावर सायकल घेऊन नाला ओलांडून राहिले. आमच्या पोस्टातल्या दादांसारखेच दिसतात. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रॅम शर्यत, जवळपास ४,८०० किलोमीटर, एकट्याने १२ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांचा अभिमान आहेच. पण आमचं तसं नाही. आम्हाला कुठे पोहोचायचं नसते, पोह्यापर्यंत पोहोचलं की झालं.

आता पडण्याचं. मागच्या वर्षी आषाढाच्या आधी नाल्याच्या उतारावर ड्रायव्हर काका पडले. त्यांनी ३१ वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही. पण सायकलचा पुढचा ब्रेक आणि एसटीचा ब्रेक यात फरक आहे. उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक उठते. काका हँडलवरून खाली, डावा खांदा दगडावर. सिस्टर ताईंनी ओढणी काढली, हात छातीशी बांधला, बोटांनी चाचपून सांगितलं, "हासळी गेली जी. हात हलवू नका." फर्निचरवाल्या भावाने गावातून मालवाहू गाडी आणली. आम्ही नागपुरात येईपर्यंत काका एकच बोलत होते, "घरी सांगू नका."

घरी सांगावं लागलंच. काकूंचा मला फोन आला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हे एसटीतून आले तवापासून खिडकीपाशी बसून राहत. दोन वर्षं झाले असे बसून. तुमच्यासंगं जायला लागले तं जेवाले लागले. आता पोरगा म्हणते सायकल विकून टाकतो. तुम्ही सांगा, मी काय करू?"

मी काय सांगणार? पोराचंही चूक नव्हतं. साठीच्या पुढे हाड बसायला वेळ लागते, मांडीचं मोडलं तर माणूस खाटेला लागते. आम्ही आपसात बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. नाल्याचा उतार उतरून जायचा, ज्याला बसून जायचं त्याने आधी मागचा ब्रेक, मग हळूच पुढचा, ढुंगण सीटच्या मागे, दोन्ही पायडल एका पातळीत. हेल्मेट नसेल त्याने तलावाजवळूनच परत जायचं. वर्षातून एकदा बीपी-शुगर आणि हृदयाची पट्टी. ड्रायव्हर काकांचा मुलगा हे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तीन महिने नाही. मग डॉक्टर म्हणाले तर." सायकल त्याने विकली नाही, गच्चीवर नेऊन ठेवली. दसऱ्याला काकांनी तिची पूजा गच्चीवरच केली. दिवाळीनंतर पोरगाच ती खाली घेऊन आला, आणि पहिल्या रविवारी स्कूटरवर आमच्या मागे मागे पांदणीपर्यंत आला. काही बोलला नाही. नाल्यापाशी काका उतरून चालत गेले तेव्हा तो परत फिरला.

या वर्षी एक गंमत झाली. सिस्टर ताईंचा मुलगा इंग्लंडात असतो. तो दिवाळीला आला आणि एक फळी घेऊन आला. मीटरभर लांब लाकडी फळी, खाली चार जाड चाकं, त्यात आपल्यासारखी हवा आणि ट्यूब, वर पाय अडकवायला पट्टे. माउंटनबोर्ड म्हणतात. बर्फावर घसरणाऱ्या लोकांना उन्हाळ्यात काही काम नसे, म्हणून १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेत, इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या डोक्याने ही वस्तू बनवली. उतारावर उभं राहायचं आणि अंगाचा भार टाचेवर किंवा चवड्यावर टाकून वळवायचं. चाकाच्या दांड्यावर स्प्रिंग असते, भार गेला तशी चाकं वळतात. काहींना हातात धरायचा ब्रेकही असतो, वायरने मागच्या चाकाला. त्याने मोबाईलवर दाखवलं, पांढऱ्या दाढीचे लोक हेल्मेट घालून झाडांमधून खाली येऊन राहिले, एकमेकाला हाका मारून राहिले.

आम्ही ती फळी तलावाच्या पाळीवर नेली. नागपूरची जमीन सपाट, उतार शोधावा लागते. मामा तलावाची पाळ म्हणजे मालगुजारीच्या काळातली मातीची भिंत, गवताळ, आतून पाणी आणि बाहेरून बांध्या. बाहेरच्या अंगाचा उतार बरोबर होता. पीटीचे सर आधी उभे राहिले. माणूस ३० वर्षं पोरांना कवायत शिकवत आला, त्यामुळे ताठ उभा राहिला. तिथेच चुकते. गुडघे वाकवावे लागतात. पाच हात गेले आणि बसले गवतात. पोस्टातल्या दादांनी पाहूनच हात जोडले. सिस्टर ताई पोराचा हात धरून अर्ध्यापर्यंत गेल्या, मग हात सोडला, आणि खरंच सांगतो, खाली बांधीपर्यंत उभ्या गेल्या. वर आल्या तेव्हा डोळ्यात पाणी. वाऱ्याचं असेल.

मग बापूजी उठले. आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, "मी उभा राहणारच नाही ना जी." फळीवर मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी कडा धरल्या. आम्ही लहानपणी बेअरिंगच्या गाड्या करत होतो तसे. गॅरेजमधून निकामी बेअरिंग आणायच्या, फळीला ठोकायच्या आणि उतारावर सोडायच्या, आणि खरखर आवाज ऐकून सगळी गल्ली बाहेर यायची. बापूजी तसेच गेले, ओरडत. खाली गेल्यावर फळी धुऱ्याला लागून थांबली आणि ते कलंडले. धावत गेलो तर हसून राहिले होते. आवाज येत नव्हता, फक्त पोट हलत होतं. म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा नाही जाऊ दिलं. ताईंनी नाडी पाहिली आणि पोहे खाऊ घातले.

फळी आता ताईंच्या घरी आहे. मला विचाराल तर ती आपल्या जमिनीची वस्तू नाही. उतार संपला की तिला काखेत घेऊन वर चढावं लागते, आणि आपल्याकडे उतार दोन मिनिटांचा. सायकल बरी, ती सपाटीवरही चालते आणि येताना भाजीची पिशवीही आणते. पण चार महिन्यांतून एकदा पाळीवर न्यायला हरकत नाही.

आता पांदणीचं, ज्यासाठी खरं हे लिहायला बसलो.

आमच्या पांदणीला लागून एकाने तीन एकर घेतले. नाव लिहीत नाही. लेआउट टाकायचा विचार असेल, मला माहीत नाही. मृगाच्या आधी त्याने सिमेंटचे खांब रोवले आणि पांदणीच्या तोंडावरच तार ओढली. मी विचारायला गेलो तर त्याचा माणूस म्हणाला, "इथं रस्ता कुठं आहे? गवत आहे. कोण जाते इथून?" हा प्रश्न नीट ऐका मंडळी. पांदण मरते ती अशीच. ट्रॅक्टर आला, लोक डांबरावरून फिरून जायला लागले, बंड्या कमी झाल्या, दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी हात-हात आत सरकून घेतलं, गवत वाढलं, बाभळी आल्या. दहा वर्षांनी कोणी म्हणते, इथे रस्ता नव्हताच. आणि मग पावसाळ्यात ज्याचं वावर मागे आहे त्याने खताचं पोतं डोक्यावर न्यायचं.

माहिती म्हणून सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. जुना वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते आणि गोड बोलण्यात निघून जाते. रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून नवीन मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. दोन्ही वेगळे, अर्ज लिहिताना मिसळू नका. गावनकाशा काढा, त्यात पांदण दाखवलेली असू शकते. आपल्या विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही जुनी कागदं आहेत, त्यात गावाच्या वाटा, गुरांचे रस्ते, पाणवठ्याचे हक्क लिहिलेले असतात. नक्कल मागा. मी तिसऱ्या महिन्यात अर्ज दिला.

जागेची पाहणी रविवारीच ठेवा असं काही आपल्या हातात नसते. मंगळवारी साहेब आले. आम्ही सातही जण गेलो, सायकली घेऊन. तारेच्या पलीकडे पावणेदोन किलोमीटर गवतात एक स्पष्ट पट्टा होता, हातभर रुंद, माती उघडी पडलेली. तीन वर्षं दर रविवारी गेलेल्या चाकांचा. साहेबांनी खाली वाकून पाहिलं. विरुद्ध बाजूचा म्हणाला, "साहेब, हे शहरातले म्हातारे शौक म्हणून सायकल चालवतात, ही काय वहिवाट झाली?" बोलण्यात तथ्य होतं. सायकलीच्या चाकोरीने बंडीचा रस्ता सिद्ध होत नाही.

तेव्हा बापूजी पुढे झाले. त्यांची सासुरवाडी याच गावची, हे मलाही त्या दिवशी नीट समजलं. म्हणाले, "साहेब, १९७८ साली माझी वरात याच पांदणीतून गेली. सहा बंड्या होत्या. नाल्यात एका बंडीचं चाक फसलं, नवरदेवाले उतरून ढकला लागलं. तो नवरदेव मी." सगळे हसले, साहेबही. पण त्यांनी कारकुनाला सांगितलं, लिहून घ्या. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापल्या बंड्यांची साक्ष दिली. पंचनाम्यावर बापूजींची सही आहे, मोडी वळणाची, थरथरती.

झुडपीचंही एक आहे. ही झुडपी जंगलं म्हणजे मध्य प्रांताच्या काळापासून महसुली कागदावर तशी नोंद असलेल्या चराईच्या जमिनी. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जंगलच समजायची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी ८६ हजार हेक्टरच्या वर आहे. काहींना त्रास झाला, घरं-शाळा आधीच उभ्या आहेत, त्यांचं रीतीने होईल ते होईल. पण आमच्या तलावाकडची झुडपी प्लॉटात जाण्याची भीती थोडी कमी झाली. आम्ही तिथे वनरक्षकाला विचारूनच जातो, गावाच्या चालत्या वाटेवरूनच, उजाडल्यावर. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायचे दिवस असतात, तेव्हा तर पहाटे नाहीच. उमरेड-कऱ्हांडला फार दूर नाही. तिथला जय वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून वावरं, रस्ते ओलांडत आला होता आणि २०१६ मध्ये कुठे गेला ते कोणाला सापडलं नाही. वाघ पाटी वाचून थांबत नाही. म्हणून झुडपीत आम्ही घंटी वाजवत, मोठ्याने बोलत जातो. आमच्या गप्पांनी वाघ काय, रानडुक्करही जवळ येत नसेल.

पांदणीचा निकाल अजून आला नाही. पुढची तारीख पौष महिन्यात आहे. तार तशीच आहे, पण पाहणीनंतर त्याने मधली एक लांब सोडली, तेवढ्यातून सायकल आडवी करून जाते, बंडी जात नाही. हरभऱ्याचं बी आणि खत मी यंदा फिरून तीन किलोमीटर जादा नेलं. दुसरा वेचा सुरू आहे, मजूर मिळाले तर या रविवारी मी येणार नाही, बाकीचे सहा जातील. ड्रायव्हर काका नाल्याचा उतार आता बसून उतरतो म्हणतात. ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही.